मंडळीतर्फे बेघरांसाठी सेवा सुरू करताय? आधी वही घ्या, मग पातेलं

बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या गटांत, हे काम एकाच पद्धतीने सुरू होतं. नाताळ जवळ येतो, तरुण संघ वर्गणी काढतो, पन्नास ब्लँकेटं विकत येतात, एका रात्री स्टेशनबाहेर वाटून होतात. जानेवारीत त्याच जागी गेलात तर निम्म्या लोकांच्या अंगावर ते ब्लँकेट नसतं आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव तुम्हाला ठाऊक नसतं. देणाऱ्यांची तळमळ खरीच असते. चूक एवढीच होते, की वाटप झालं म्हणजे सेवा झाली असं आपण धरून चालतो.

मराठवाड्यातल्या मंडळ्यांना सेवेचं काम नवं नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हापासून शाळा, दवाखाना, वसतिगृह हे सगळं इथे होत आलं. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाचं काम मात्र वेगळं आहे, कारण तो तुमच्या दारी येत नाही. तुम्हालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावातली, आठ-दहा कामाची माणसं असलेली मंडळी डोळ्यांसमोर ठेवून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

१. दोन आठवडे नुसतं फिरा

काही वाटू नका. रात्री साडेनऊ ते अकरा आणि पहाटे पाचच्या सुमारास फिरा. दिवसा कोण बेघर आणि कोण गाडीची वाट बघतोय, हे कळत नाही. रात्री अंथरूण पडलं की कळतं. रेल्वे स्टेशनचा बाहेरचा भाग, एसटी स्टँड, सरकारी दवाखान्याचं आवार, उड्डाणपुलाखालची जागा, मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) बंद दुकानांच्या पायऱ्या, मंदिर आणि दर्ग्याचा परिसर, एवढं सगळं पाहा.

सगळ्यांची गरज एक नसते. मोंढ्यात झोपणारा हमाल रोज कमावतो. त्याला जेवणापेक्षा सामान ठेवायला जागा आणि अंघोळीला पाणी हवं असतं. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या आवारात झोपलेले बरेच जण खेड्यातून आलेले रुग्णांचे नातेवाईक असतात. ते बेघर नसतात, पण उपाशी असतात. तुळजापूरला नवरात्र संपलं की चुकलेली, कधी मुद्दाम सोडलेली म्हातारी माणसं मागे राहतात. त्यांना घराचा पत्ता लावून देणारं कोणी हवं असतं. नांदेडला गुरुद्वाऱ्याचा लंगर कायम चालू असतो. तिथे आणखी एक खिचडीचं पातेलं नेण्यापेक्षा मलमपट्टी आणि कागदपत्रांचं काम हाती घ्या.

फिरताना कोणत्या वारी कोण खायला देतं हेही लिहून काढा. साधारण गुरुवारी साईमंदिराबाहेर, शुक्रवारी दर्ग्यात, शनिवारी मारुतीला आणि रविवारी वाढदिवसवाल्यांकडून अन्न येतं. मंगळवार-बुधवार बहुतेक ठिकाणी कोरडे जातात. तुमच्या गावचा रिकामा वार कोणता, हे याच फेऱ्यांत सापडेल. तोच तुमचा वार.

२. ठराव, पत्रं आणि माणसं

पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, तोंडी होकार दिला म्हणजे झालं, असं समजू नका. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पाळकीय समितीचा लेखी ठराव घ्या. उद्या काही उलटसुलट झालं तर काम मंडळीचं होतं की दोन उत्साही पोरांचं, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो.

एका फायलीत हे ठेवा:

- संस्थेच्या सार्वजनिक न्यास नोंदणीची प्रत
- समितीचा ठराव, तारीख आणि सह्यांसह
- पोलीस ठाणे आणि महापालिका किंवा नगरपरिषदेला दिलेली माहितीपत्रं, शिक्का मारलेल्या पोचेसह
- सेवकांची ओळखपत्रं, फोटो आणि मंडळीच्या शिक्क्यासह
- अनुक्रमांक असलेलं पावतीपुस्तक आणि जमाखर्चाची वेगळी वही
- अन्न शिजवून नियमित वाटणार असाल तर अन्न सुरक्षा कायद्याखालची साधी नोंदणी

पोच हा शब्द कमी लेखू नका. पत्र दिलं पण पोच घेतली नाही, तर ते न दिल्यासारखंच आहे. रेल्वेच्या हद्दीत वाढायचं असेल तर स्टेशन अधीक्षक आणि रेल्वे सुरक्षा दल या दोघांशी आधी बोला. त्यापेक्षा हद्दीबाहेरची जागा धरणं सोपं.

पैशाचा एक सापळा आहे. परदेशात गेलेले आपले नातेवाईक किंवा तिकडची एखादी मंडळी प्रेमाने म्हणते, "पाळकांच्या खात्यावर टाकतो." ते घेऊ नका. या कामासाठी परकीय देणगी घ्यायची तर परकीय योगदान नियमन कायद्याखाली संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसा ठरवून दिलेल्या खात्यातच यावा लागतो. स्थानिक दानातून हे काम आरामात चालतं. पूर्वी घरोघर मुठीचं धान्य निघायचं, तसं प्रत्येक घराने महिन्याला किलोभर तांदूळ किंवा पाव किलो डाळ दिली तरी कोठी भरते.

माणसं किमान सहा हवीत, त्यांत दोन बायका. कोणीही एकट्याने जायचं नाही. एकट्या स्त्रीशी बोलायला स्त्री सेविकाच जाईल, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

३. एकच वार, एकच वेळ, तेच चेहरे

आठवड्यातून एकदाच जा, पण चुकू नका. समजा बुधवारी पावणेआठला म्हटलं, तर पावसातही पावणेआठलाच पोचा. रस्त्यावरच्या माणसाला आश्वासनं भरपूर मिळालेली असतात, म्हणून तो पहिले चार-पाच आठवडे तुमच्याशी बोलणार नाही, फक्त जेवेल. चेहरे बदलत राहिले तर ते चार आठवडे संपतच नाहीत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोणीतरी आपणहून म्हणतो, "मागच्या बारीला ती ताई आली होती, ती नाही का आली?" तिथून खरं काम सुरू होतं.

बोलताना "ए", "अरे", "चल उठ" नको. वयाप्रमाणे बाबा, मामा, मावशी, आजी म्हणा आणि अहो-जाहो करा. झोपलेल्याला हलवून उठवू नका. पायाच्या बाजूला थोडं लांब उभं राहून हाक मारा. अचानक खांदा हलवला की मार पडणार, या भीतीने माणूस हात उगारतो.

४. खिचडी, पन्नास माणसांची

पहिल्या वर्षी दुसरं काही शिजवू नका. ज्वारीची भाकरी आपल्याला जवळची, पण तासाभरात कडक होते आणि यांतल्या बऱ्याच जणांचे दात गेलेले असतात. पोळ्यांना मनुष्यबळ फार लागतं. मूगडाळीची सैलसर खिचडी पोटाला हलकी पडते आणि सगळ्यांना चालते.

पन्नास जणांसाठी साडेचार किलो तांदूळ, दीड किलो मूगडाळ, १८ लिटर पाणी, दोन किलो कांदे, दीड किलो टोमॅटो, ६०० ग्रॅम तेल, २५ ग्रॅम हळद, २०० ग्रॅमच्या आसपास मीठ. पातेलं ४० लिटरचं घ्या. लहान घेतलंत तर उतू जातं आणि तळाला लागतं. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा. तिखट अगदी बेताचं ठेवा, कारण गुटखा-तंबाखूने तोंड सोललेल्या माणसाला तिखट घास गिळवत नाही आणि तो ताट तसंच ठेवतो. आपल्याला वाटतं, याला भूकच नाही.

पावणेआठला वाढायचं तर सातला गॅस बंद करा, पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळून न्या. खिचडी वाटेत घट्ट होते, म्हणून तीन लिटर उकळतं पाणी वेगळं सोबत ठेवा. शिजल्यापासून चार तासांनंतर उरलेलं वाढायचं नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ही मर्यादा दोन तासांची धरा. दही, ताक, खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात आणूच नका. लग्नातलं उरलेलं अन्न रात्री अकराला फोन करून देऊ करतात, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा. ते किती वाजता शिजलं, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

रांग लावू नका, पंगत बसवा. रांगेत धडधाकट माणूस पुढे आणि आजारी मागे राहतो, शिवाय रांगेतल्या माणसाशी बोलता येत नाही. सतरंजी टाका, आधी हात धुवायला पाणी द्या, मग पत्रावळीवर किंवा स्टीलच्या ताटात वाढा. थर्माकोल नको. दुसऱ्यांदा विचारा. आपल्या घरच्या पाहुण्याला आपण हेच करतो.

कोणी तीन-चार दिवस काहीच खाल्लेलं नाही असं कळलं, तर त्याला भरलं ताट देऊ नका. दोन-चार घास आणि पाणी द्या, आणि दवाखान्यात न्या. फार उपासानंतर एकदम पोटभर खाल्लं तर रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं.

५. वही

पातेल्याहून महत्त्वाची वस्तू ही. शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक माणसाला एक पान. नाव (तो सांगेल ते), अंदाजे वय, झोपण्याची जागा, शरीरावरची खूण, भाषा, आजार, आणि दर आठवड्याला एक ओळ. पंगतीत वही उघडून बसू नका, चौकशीला आल्यासारखं वाटतं. परत येऊन त्याच रात्री लिहा. सकाळपर्यंत निम्मं विसरतं.

गाव विचारण्याची एक रीत आहे. "पत्ता सांगा" म्हटलं की माणूस गप्प होतो. असं विचारा: तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो? जत्रा कोणत्या देवाची? ऊस कोणत्या कारखान्याला जायचा? तालुक्याला जाताना नदी लागते का? आठवण गेलेल्या म्हाताऱ्या माणसालाही बाजाराचा वार आणि गावदेव आठवतो. समजा आजी म्हणाली, "बाजार सोमवारचा, खंडोबाची जत्रा, अलीकडं रेल्वेचं फाटक," तर तेवढ्यावरून दोन-तीन गावं नक्की काढता येतात. मग तिथल्या पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला फोन करा. तेलंगणा, मध्य प्रदेश, बिहारकडची माणसंही मनमाड–सिकंदराबाद मार्गावरच्या गाड्यांनी इथे उतरतात. भाषा कळत नसेल तर ती भाषा येणाऱ्याला फोन लावून स्पीकरवर बोलू द्या.

पत्ता सापडला तरी लगेच घरी धाडू नका. आधी त्या माणसाला विचारा. काही जण मारहाणीमुळे किंवा वाटणीच्या भांडणातून घर सोडतात. ज्याच्या भीतीने पळाले, त्याच्याच हाती त्यांना परत देऊ नका.

वहीतलं कोणाला दाखवायचं नाही आणि जेवतानाचे फोटो काढायचे नाहीत. देणगीदार फोटो मागतात. त्यांना महिन्याचा हिशोब पाठवा: किती किलो धान्य, किती जण दवाखान्यात नेले, किती कागद झाले.

६. प्रार्थना आणि पत्रकं

यावर मंडळीत वाद होईल, म्हणून आधीच ठरवा. जेवणासोबत पत्रक नाही, जेवणाआधी सक्तीची प्रार्थना नाही, "रविवारी उपासनेला या" ही अट नाही. उपाशी माणूस कशालाही हो म्हणतो. तो होकार घेणं हा त्याच्या भुकेचा गैरफायदा आहे, आणि गावात एकदा का संशय आला की पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत सेवा बंद पडते. मत्तय २५:३५ मध्ये भुकेल्याला खायला देण्याची गोष्ट आहे, त्याला आधी काय विचारायचं याची नाही. सेवकांनी निघण्यापूर्वी चर्चमध्ये प्रार्थना करावी. कोणी स्वतःहून "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणाला तर तिथेच, हळू आवाजात करा.

७. थंडी, ऊन, पाऊस

परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधीकधी पाच अंशांच्या आसपास येतो. अशा रात्री थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालच्या फरशीतून लागते. म्हणून ब्लँकेटाआधी खाली घालायचं द्या: दोन गोणपाटं, त्यांच्यामध्ये पुठ्ठा. पांघरायला जुनी पण धुतलेली वाकळ चांगली. नवंकोरं, भारी ब्लँकेट चोरीला जातं किंवा दारूसाठी विकलं जातं, आणि त्यापायी मारामारीही होते. गठ्ठा उघडून वाटू नका. वहीत बघून, एकेकाच्या जागेवर नेऊन द्या. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात द्या, नाताळपर्यंत थांबू नका.

मे महिन्यात जेवणापेक्षा पाणी मोठं. क्षार संजीवनीचं (ओआरएसचं) एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही. अंग तापलंय, घाम थांबलाय, बोलणं बरळल्यासारखं आहे, तर तो दारू प्यायलाय असं धरू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. पावसाळ्यात ताडपत्रीचा सहा बाय चार फुटांचा तुकडा आणि कोरडी चप्पल एवढं पुरतं.

८. दुखणंखुपणं

गोळ्या वाटू नका, डोकेदुखीचीसुद्धा नाही. पेटीत सलाईनच्या बाटल्या, गॉज, चिकटपट्टी, हातमोजे, कात्री, नेलकटर ठेवा. साधी जखम सलाईनने धुऊन झाका. जखमेत अळ्या दिसल्या तर घरगुती उपाय करू नका, रुग्णालयात न्या. मधुमेहाच्या पायाच्या जखमेला अनेकदा दुखतच नाही, त्यामुळे माणूस "काही नाही हो" म्हणतो आणि बोट काळं पडतं. पंगतीत बसलेल्यांचे पाय पाहण्याची सवय लावून घ्या.

कुत्रं चावणं रस्त्यावर नेहमीचं. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस द्या. कातडीत देतात ती लस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी असते. पहिली सगळे घेतात, चौथी कोणी घेत नाही. तारखा वहीत लिहा आणि त्या दिवशी माणूस शोधून न्या.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. क्षयाचे औषधोपचार किमान सहा महिने चालतात, आणि निक्षय पोषण योजनेतून महिना १००० रुपये खात्यावर येतात. त्यासाठी खातं लागतं, म्हणून पुढची पायरी.

रोज दारू पिणाऱ्याला "सोडलीस तरच जेवण" असं म्हणू नका. वर्षानुवर्षं पिणाऱ्याने एका दिवसात सोडली तर फिट येऊ शकते. सोडायची इच्छा दाखवली तर दवाखान्यात दाखल करूनच सोडवा.

९. कागदपत्रं

क्रम असा: आधार, बँक खातं, मग योजना.

नव्या आधारसाठी धावू नका. बहुतेकांचं पूर्वी निघालेलं असतं, फक्त हरवलेलं असतं. नवी नोंदणी केली की ती आधीच्या नोंदीशी जुळते आणि नाकारली जाते, महिना वाया. आधी आधार केंद्रात नाव, जिल्हा किंवा पिनकोड सांगून, बोटाचे ठसे किंवा डोळ्यांची बाहुली देऊन जुना नंबर शोधा. वीटभट्टी, ऊसतोड, बांधकाम केलेल्यांचे ठसे घासून गेलेले असतात. तिथे डोळ्यांचाच आग्रह धरा. पूर्वीचं नाव आणि आता सांगतात ते नाव वेगळं असू शकतं, म्हणून शाळेतलं, सासरचं, माहेरचं सगळं विचारून घ्या. १९४७ हा आधारचा मदत क्रमांक.

निराधारांसाठी तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज करतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ वर्षांखालील निराधार, विधवा, दिव्यांग यांच्यासाठी, आणि श्रावणबाळ योजना ६५ आणि त्यावरील वयासाठी. महिना १५०० रुपये, दिव्यांगांना त्याहून अधिक. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा, वयाचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. अडतं ते रहिवासावर. जुनं रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, शाळेचा दाखला, यांपैकी काही मूळ गावी मिळतं का ते बघा. वही इथे कामी येते.

मतदार यादीत नाव घालायला घर लागतंच असं नाही. नमुना ६ भरला की मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी येऊन माणूस तिथेच झोपतो का, हे एकाहून अधिक रात्री पाहतो. पटलं तर पत्त्याचा पुरावा मागत नाही. हे बऱ्याच कार्यालयांत माहीत नसतं, शांतपणे सांगा.

१०. निवारा

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बेघरांच्या निवाऱ्याबाबत आदेश दिले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय होईल असे, चोवीस तास उघडे निवारे, असा निकष घातला. तुमच्या शहरातला निवारा आधी स्वतः जाऊन पाहा: संडास, पाणी, बायकांची वेगळी खोली, कुलूप लागणारी पेटी. कोणी जायला नकार दिला तर कारण विचारा. नवरा-बायकोची ताटातूट, मजूर अड्ड्यापासूनचं अंतर, सामानाची चोरी, सोबतचं कुत्रं. यांतली निम्मी कारणं निवाऱ्याच्या व्यवस्थापकाशी बोलून सुटतात.

११. लगेच फोन करायचे प्रसंग

एकटं मूल दिसलं तर १०९८. मुलाला स्वतःच्या घरी नेऊन ठेवू नका, कितीही माया आली तरी. चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. संकटातली स्त्री असेल तर १८१, वृद्धांसाठी १४५६७, मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६, इतर कशालाही ११२.

स्वतःशी बोलत भटकणारा, अंगाची शुद्ध नसलेला माणूस दिसला तर त्याला धरून केस कापणं, अंघोळ घालणं, त्याचा व्हिडिओ करणं हे करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १०० प्रमाणे अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. लेखी कळवा, कलम लिहा, पोच घ्या आणि शक्य तर सोबत जा. अनोळखी गणवेशांत एक ओळखीचा चेहरा असला की तो माणूस कमी बिथरतो.

१२. कोणी गेलं तर

हे होणार आहे, पहिल्याच वर्षी. पंगतीत एक जागा रिकामी दिसली की आधी शोध घ्या, दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात विचारा. मृतदेह दिसला तर हात लावू नका, ११२ ला फोन करा, पंचनाम्याला थांबा. वहीतलं नाव, खूण, गाव पोलिसांना द्या. बेवारस म्हणून नोंद होणाऱ्या माणसाला त्यामुळे निदान नाव मिळतं आणि गावी निरोप जातो. आपुलकीपोटी मंडळीच्या कब्रस्तानात पुरायची घाई करू नका. धर्म कोणता, वारस आहेत का, हे कळेपर्यंत निर्णय पोलिसांचा आणि पालिकेचा. नातेवाईक सापडले नाहीत आणि पालिकेने अंत्यविधी केला, तर दोघा सेवकांनी तिथे जावं आणि जागा व तारीख लिहून ठेवावी.

ते पान फाडू नका. वर्षाने एखादा मुलगा फोटो घेऊन स्टेशनवर विचारत फिरतो, तेव्हा चहावाला त्याला तुमच्याकडे पाठवतो.